ऑडिशन देताना आणि नकार आल्यावर या चुका टाळा

मुंबईत आरामनगर, यारी रोड, ओशिवरा इथल्या कास्टिंग ऑफिसांच्या (कलाकार निवडणाऱ्यांच्या) पायऱ्या चढण्याआधी आता बहुतेक वेळा सेल्फ-टेप, म्हणजे घरीच स्वतः शूट केलेली ऑडिशन, मागतात, आणि चांगली मुलं-मुली तिथेच मागे पडतात.

खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळवंडतो. खिडकी समोर घ्या, मागे साधी भिंत ठेवा. वेगळं सांगितलं नसेल तर मोबाइल आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. पंखा बंद करा. क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा, मोबाइलला चिकटून बसतो, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो; त्याला हळू बोलायला सांगा आणि नजर लेन्सच्या अगदी शेजारी ठेवा. इंट्रोमध्ये नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण आणि दोन्ही प्रोफाइल (चेहऱ्याची डावी-उजवी बाजू) एवढं पुरे. उंची वाढवून सांगू नका, समोरच्या कलाकारासोबत फ्रेममध्ये उभं केलं की फरक कळतोच.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा टाकला तर त्याची क्वालिटी उतरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा गूगल ड्राइव्हची लिंक द्या. लिंकची परवानगी खुली आहे ना, हे दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. बंद लिंकसाठी परवानगी मागत बसायला तिथे कुणाला वेळ नसतो.

हिंदी ऑडिशनला आपल्याला नडतो तो उच्चार. ‘है’ आपण ‘हई’सारखं म्हणतो, ‘और’चं ‘अउर’ होतं, ‘मैं’, ‘नहीं’मधला अनुनासिक गळतो. आपल्या ‘जरा’तला ज हिंदीत चालत नाही, तिथे ‘ज़रा’ लागतं. हे अभिनयाचं अपयश नव्हे, जिभेची सवय आहे. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, ऐका.

पाठांतर हातवाऱ्यांसकट करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘आता हेच न चिडता कर’ असं सांगितलं की असा नट अडकतो. पुष्कळदा ही सूचना तुम्ही दिग्दर्शन घेऊ शकता का, हे बघण्यासाठीच असते. घरी संवाद आधी कोरडे, भाव न आणता म्हणा, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणा, मग दोन-तीन वेगळ्या हेतूंनी करून बघा.

नकार बहुधा कळवत नाहीत. शांतता हेच उत्तर. ‘शॉर्टलिस्ट’ झालात म्हणून नोकरी सोडू नका, ‘लॉक’ झालात, म्हणजे निवड पक्की असं सांगितलं, तरी करार हातात येईपर्यंत दुसरं काम नाकारू नका. पडद्यावरच्या भावाशी चेहरा न जुळणं, तारखा, चॅनेलची पसंती अशा कारणांनीही भूमिका जाते. त्यापायी लगेच केस कापणं, उपाशी राहणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. ‘झालं का?’ म्हणून रोज फोनही नको. लुक बदलला की नवे फोटो पाठवा. एक वही करा: तारीख, भूमिका, मिळालेली सूचना, कुठे अडकलात. तीच अडचण तीनदा दिसली तर त्यावर काम करा. काहीच सापडलं नाही, तर पान उलटा.

सतत नकार मिळालेल्यांनाच फसवणारे गाठतात. ‘रजिस्ट्रेशन’, ‘आर्टिस्ट कार्ड’, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’ यासाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. कास्टिंगचा मोबदला निर्मात्याने द्यायचा असतो, ऑडिशन देणाऱ्याने नाही. रात्री एकट्याला हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर सरळ नाही म्हणा. दिवसाही नव्या ठिकाणी जाताना पत्ता, वेळ आणि बोलावणाऱ्याचा नंबर घरी किंवा रूममेटला पाठवूनच निघा.