घरच्या प्रयोगशाळेसाठी साधनं करायला बसण्याआधी

पहिल्यांदा ठरवून टाका की काय घरी करायचं आणि काय विकत आणायचं. धरणं, मोजणं, गाळणं यासाठी लागणारी साधनं हाताने उत्तम होतात. डोळ्यांचं रक्षण करणारी आणि थेट ज्योतीवर ठेवायची साधनं मात्र विकतचीच हवीत. म्हणून सगळ्यात आधी चारही बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा घ्या आणि दोन-चार बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, परीक्षानळ्या. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकाच बाजूने तापली की तडकते. घरातली बरणी साठवणीला ठेवा. स्पिरिटचा दिवा घरी बनवू नका, अगदी सोपा दिसला तरी. गरम पाण्याच्या भांड्यात नळी उभी केली तरी पुष्कळ प्रयोग होतात.

आता तराजू. यावर सवडीने एक संध्याकाळ द्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. 30 सेंमीची पट्टी घ्या आणि 15 च्या खुणेवर, पण वरच्या काठाजवळ भोक पाडा. भोक रुंदीच्या बरोबर मध्ये पडलं तर पट्टी कलते आणि आडवी परत येतच नाही. दोन्ही टोकांना सारख्या दोऱ्यांनी सारखी झाकणं टांगा. वजनं पाण्यापासून करायची: 1 मिली पाणी म्हणजे जवळपास 1 ग्रॅम. बिनसुईच्या सिरिंजने एका पारड्यात 5 मिली पाणी घाला, दुसऱ्यात तार ठेवून ती तोल साधेपर्यंत कापत जा. मग तीच लांबी मोजून अर्धी केली की 2.5 ग्रॅमची दोन वजनं मिळतात. शेवटी दोन्ही पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करून पाहा. तोल बिघडला तर दोन्ही बाहू सारखे नाहीत.

ड्रॉपरचे थेंबही मोजून ठेवा. पाण्याचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली, पण तुमच्या ड्रॉपरचा आकडा वेगळा निघेल, आणि द्रव बदलला की पुन्हा मोजावं लागेल.

नरसाळं प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून होतं. परीक्षानळ्यांच्या घोडीला लाकडाचा ठोकळा पुरतो.

विद्युत अपघटनासाठी, म्हणजे विजेने पाण्याचे घटक वेगळे करण्यासाठी, दोन पेन्सिली दोन्ही टोकांनी तासा आणि 9 व्होल्टची बॅटरी जोडा. पाण्यात धुण्याचा सोडा घाला, मीठ अजिबात नको, कारण मिठाच्या पाण्यातून विषारी क्लोरीन निघतो. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे जास्त दिसतील. खोलीची खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. ज्या बाटलीत वायू तयार होणार तिला बूच घट्ट लावून कधीच ठेवू नका, वायू बाहेर नेणाऱ्या नळीचं दुसरं टोक नेहमी मोकळं हवं.

प्रत्येक बाटलीवर पदार्थाचं नाव आणि तारीख भरण्याआधीच चिकटवा. प्रयोगाला वापरलेलं एकही भांडं किंवा चमचा स्वयंपाकघरात परत नेऊ नका.