रब्बीच्या तोंडावर सौर पंपाची दक्षिण बाजू तपासा

उन्हाळ्यात जोमाने पाणी उपसणारा सौर पंप डिसेंबरात मंदावला की आपण मोटरला नाहीतर कंपनीला दोष देतो. बहुतेक वेळा कारण आभाळात असते. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र पुणे-नगरकडे तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, तोही दक्षिणेला झुकलेला. दिवसही अकरा तासांचाच. म्हणून रब्बीची पेरणी उरकताच प्लेटांच्या दक्षिणेला काय उभे आहे ते आधी बघा.

त्या दिवसांत भर दुपारची सावली वस्तूच्या उंचीएवढीच असते, पण सकाळी नऊच्या सुमारास ती दुपटीहून लांब पडते. बांधावरची बाभूळ किंवा दहा-बारा फुटी ऊस उन्हाळ्यात प्लेटांना त्रास देत नाही, हिवाळ्यात मात्र सकाळचे निम्मे पाणी खाऊ शकतो. प्लेटा एकापाठोपाठ एक जोडलेल्या असतात. त्यामुळे एका प्लेटेच्या कोपऱ्यावर सावली आली तरी पूर्ण रांगेची वीज घटते. नवा ऊस लावताना प्लेटांच्या दक्षिण, आग्नेय आणि नैऋत्य बाजूंना तीस फुटांपर्यंत हरभरा, कांदा यांसारखी बुटकी पिके घ्या. झाड तोडायची गरज नाही, आड येणाऱ्या फांद्या छाटल्या तरी पुरते.

सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर आता प्लेटा जास्त उभ्या करा. हिवाळ्यासाठी ३० ते ३५ अंशांचा कोन ठीक. काम दोघांनी मिळून, मोटर बंद ठेवून आणि वारा नसताना करा. सोय नसेल तर खाली दगड-लाकूड सारून कोन वाढवू नका, वादळी वाऱ्यात सांगाडा उखडतो.

सोयाबीनच्या मळणीचा भुसा आणि धूळ प्लेटांवर चिकटून बसते. ती पहाटे, काच गार असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की काच तडकण्याचा धोका असतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर शेवटी मऊ कापडाने पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर धरतो. एक गोष्ट मनापासून सांगतो: स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत प्लेटांच्या वायरीत करंट असतो. उंदराने कुरतडलेली वायर स्वतः जोडायला जाऊ नका.

पाण्याचे नियोजन सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत बसवा. ठिबकचे व्हॉल्व्ह छोट्या भागांचे ठेवा, म्हणजे कमी उपशातही शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब पोचतो. सकाळ-संध्याकाळचे मंद पाणी शेततळ्यात सोडा. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पाणी चुकवू नका. ढगाळ दिवस आडवा येईल हे धरून एक-दोन दिवस आधीच सुरुवात करा. कडाक्याच्या थंडीचा अंदाज असेल तर दुपारीच पाणी द्या, ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतल्या पंपाला विम्यासह पाच वर्षांची दुरुस्ती हमी आहे. बिघाड झाला तर गावातल्या मिस्त्रीकडून कंट्रोलर उघडवू नका. महावितरणकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. प्लेटा किंवा वायर चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार द्या, विम्यासाठी ती लागते.