जुनी बाइक बघताना इंजिन सगळ्यात शेवटी ऐका

जुनी मोटरसायकल बघायला गेलेला माणूस आधी किक मारतो, कान देऊन ऐकतो आणि "आवाज मस्त आहे" म्हणून खिशात हात घालतो. भांडूपला माझं गॅरेज आहे. अशा मस्त आवाजाच्या गाड्या नंतर माझ्याच दारात येतात. माझा क्रम उलटा असतो: आधी कागद, मग चेसिस, मग बाकीचं आणि इंजिन सगळ्यात शेवटी. स्प्लेंडरचं ब्लॉक-पिस्टन खलास झालं असेल तर ते करून द्यायला मी बसलोय. सडलेली चेसिस आणि गायब झालेल्या मालकाची सही मला करून देता येत नाही.

त्याआधी एक विचारतो, गाडी हवी कशाला? मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, अगदी जे. जे. फ्लायओव्हरसुद्धा दुचाकीला बंद आहे. म्हणजे गाडी चालणार ती एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गियरवर. भांडूप ते पवई रोज जाणार असाल तर शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी बघा. कुणाला यामाहाची जुनी आरएक्स १०० च हवी असते. तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आता तिचा भाव हौसेवर ठरतो. हौसेला माझा सल्ला लागू नाही.

आता कागद. विकणारा समोर उभा आहे, पण आरसीवर नाव कुणाचं आहे? "मित्राची आहे, मी फक्त विकून देतोय" हे वाक्य ऐकलं की त्या मित्राला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या गाड्या तीन-तीन हातांतून गेलेल्या असतात आणि आरसी पहिल्याच्याच नावावर असते, सोबत गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची जुनी सही. तो माणूस आता गावी, की दुबईला, की आहे तरी की नाही, हे कुणालाच माहीत नसतं. आरटीओच्या लेखी मालक तोच. "वडिलांची गाडी, ते गेले" असं असेल तर वारसांनी आधी फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची, मगच तुम्ही पैसे काढायचे. घरात दुःख आहे म्हणून लोक हे विचारायला लाजतात. लाजू नका, चांगल्या शब्दांत विचारा.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा आणि कर्जाचा बोजा बघून घ्या. बोजा दिसला तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. "लोन कधीच फिटलं, फक्त नाव काढायचं राहिलंय" हे खरंही असतं, पण तो हेलपाटा त्यालाच मारू दे. ई-चलनंही नंबरावर दिसतात. विनाहेल्मेटची साठलेली चलनं त्याच्याकडूनच भरून घ्या.

पंधरा वर्षांबद्दल लोकांच्या डोक्यात दिल्ली बसलेली आहे. पंधरा वर्षं झालेली पेट्रोल गाडी बंद हा प्रकार तिकडचा. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर गाडी आरटीओला दाखवून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी १,००० रुपये आहे, आणि २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला २,०००. लोक अडकतात ते उशिरात. मुदत संपल्यावर दर महिन्याला ३०० रुपये चढतात. २०१० च्या गाडीची नोंदणी २०२५ मध्ये संपली आणि मालक दोन वर्षं झोपला, तर ७,२०० रुपये नुसता दंड. पंचवीस हजारांच्या गाडीत ही रक्कम लहान नाही. किमतीतून कापून घ्या, कापत नसेल तर उठा. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, म्हणून गुजरात पासिंगची स्वस्त गाडी शेवटी स्वस्त पडत नाही. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलेली आहे का तेही बघा. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. रक्कम किरकोळ, पण प्लेट नसेल तर मालकाने बाकीच्या कागदांकडेही किती लक्ष दिलं असेल याचा अंदाज येतो.

कागद जुळले की गाडीकडे वळा. चेसिस नंबर बहुतेक मोटरसायकलींवर हँडलच्या खाली, स्टिअरिंगच्या नळीवर असतो. रॉकेलच्या फडक्याने तेवढी जागा पुसा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. अक्षरं वाकडीतिकडी, पत्रा घासलेला किंवा नेमक्या त्याच जागी ताजा रंग, असं काही दिसलं तर भाव करायच्या भानगडीत पडू नका, निघून या. त्याच नळीजवळ हँडल पूर्ण वळल्यावर अडतं तो स्टॉपर असतो. तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली आहे. शॉकअप बदलला जातो, मडगार्ड नवं येतं, स्टॉपर मात्र बहुतेक कुणी सरळ करत बसत नाही.

गंज हा आपल्या शहराचा खास रोग. वरळी, माहीम, वर्सोव्याला उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि मुलुंडला छपराखाली राहिलेली गाडी, दोघींचं मॉडेल आणि साल एक असलं तरी वय एक नसतं. टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर न्या. बॅटरीच्या ट्रेखाली, सेंटर स्टँड जिथे जोडलाय तिथे, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बोल्टाजवळ आणि सायलेन्सरच्या पोटाखाली टोचून बघा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत जात असेल तर ती गाडी सोडा. आणि खालून सगळीकडे काळाकुळकुळीत नवा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय, हे विचारल्याशिवाय राहू नका.

मग पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या गाड्या आता बाजारात फारशा सापडत नाहीत, पण पावसात तुंबणारे हिंदमाता आणि अंधेरी सबवे दरवर्षी नवा माल पुरवतात. हेडलाइटच्या काचेच्या आत मातीची रेघ, एअर फिल्टरच्या डब्यात गाळ, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवी पूड ही त्याची खूण. इंजिनचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. गणपतीनंतर विकायला निघालेल्या गाड्यांकडे मी जरा जास्तच संशयाने बघतो. जूनमध्ये मात्र गिऱ्हाईक कमी असतं, भाव खाली येतो.

टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पावसाळाभर बंद उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून लाल होते. एप्रिल २०२३ आधीच्या, त्यातही कार्बोरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि ओ-रिंग या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. पाइप, ओ-रिंग बदलणं स्वस्तातलं काम आहे. टाकी गळत असेल तर ते स्वस्त नाही.

टायर, चेन, ब्रेक यात डोकं फार घालू नका, हे बदलायचेच भाग आहेत, फक्त हिशोबात धरा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चकतीवरून, बोटाने ओढा, निम्मा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचं किट गेलं. सेंटर स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू वळवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, बदलायचा. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा फूटरेस्ट आणि गियर लिव्हरचं रबर बघा. अठरा हजार रनिंगच्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

आता इंजिन. चालू करण्याआधी हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंय, चहा घ्या, गार होऊ द्या. सेल्फ असला तरी किकनेच चालू करा. पावसाळ्यात सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे वाफ, ती जाते. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय: ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर भपकन आला तर व्हॉल्व्हचं सील, ओढताना सतत येत असेल तर रिंग-पिस्टन. टू-स्ट्रोकला हा नियम लावू नका, ती धूर सोडणारच. टॅपेटची, म्हणजे वर व्हॉल्व्हजवळची, बारीक टिकटिक दुरुस्त होते. चढावर, लोड आल्यावर खालून धडधड येत असेल तर क्रँकचं बेअरिंग, आणि तिथे खर्च खरा मोठा. आमच्या भांडूपच्या टेंभीपाड्यासारख्या चढावर गाडी वरच्या गियरवर ओढून बघा. इंजिन ओरडतंय पण गाडी सरकत नाही, म्हणजे क्लच प्लेटी गेल्या. मुंबईच्या गाडीत त्या जातातच.

मॉडेल निवडताना पार्ट कुठे मिळतो ते बघा. स्प्लेंडर, पॅशन, पल्सर १५०, युनिकॉर्न यांचा पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात असतो. एलएमएल फ्रीडम कितीही स्वच्छ असली तरी कंपनीच उरलेली नाही, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात हात घालत बसावं लागेल. त्यात मजा वाटणारे लोक आहेत. रोज साडेआठला कामावर पोचायचंय त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

शेवटी कागदावर बेरीज करा. मागितलेली किंमत, टायर, चेन किट, बॅटरी, इंजिनचं काम लागणार असेल तर तेही, ट्रान्सफर, नूतनीकरण आणि विमा. ७५ ते १५० सीसीला थर्ड पार्टी विम्याचा दर ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. ही बेरीज नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी गिऱ्हाइकाला नवीच घ्यायला सांगतो.

पटलं तर थोडं टोकन द्या, बाकी पैसे ट्रान्सफरच्या कागदांवर सह्या झाल्यावर. त्याच दिवशी डिलिव्हरी नोट लिहून घ्या, तारखेसोबत वेळही घाला, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवा. संध्याकाळी सात वाजता गाडी घेतली आणि दुपारी चारचं चलन आलं तर ते कुणाचं, यावर मग भांडण होत नाही. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात, ते वाया घालवू नका. आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल बदला, मालक "कालच बदललंय" म्हणाला असला तरी.