डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीचा एडीसी मोजताना या चुका टाळा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. अश्रुग्रंथीजवळची एक गाठ मी एमआरआयवर मोजली, तेव्हा एडीसी (ऊतीत पाणी किती मोकळेपणाने हलतं, याचा आकडा) आला ०.७५. सहकाऱ्याने तीच गाठ, त्याच पडद्यावर मोजली तर १.०५ (एकक × १०⁻³ चौ.मिमी/सेकंद). लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) पेशींनी गच्च भरलेला असतो, पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून त्याचा एडीसी उतरतो. साध्या सुजेत तो बहुधा जास्त राहतो. आमच्या दोन आकड्यांपैकी एक बायोप्सीकडे बोट दाखवत होता, दुसरा स्टिरॉइडकडे. आणि लिम्फोमात स्टिरॉइड आधी सुरू झालं तर गाठ तात्पुरती विरते, मग बायोप्सीत निदान हुकू शकतं.

फरक पडला मोजण्यासाठी काढलेल्या वर्तुळामुळे. मी सगळ्यात काळ्या ठिपक्यावर छोटं वर्तुळ काढलं होतं, सहकाऱ्याने अख्खी गाठ घेतली होती, कडेच्या चरबीसकट. खोबणीतली गाठ अनेकदा जेमतेम एक सेंटीमीटरची, म्हणजे ३ मिमीच्या कापात दोन-तीन चित्रं. कडेचा एक व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) आत-बाहेर झाला तरी सरासरी हलते. म्हणून कड सोडून आत राहा, रक्तस्राव आणि पोकळ भाग टाळा, आणि पद्धत आधी ठरवा. शक्य असेल तर दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजा.

गाठीची हद्द टी२ चित्रावर (रचना दाखवणारं नेहमीचं एमआरआय चित्र) काढून ती एडीसी नकाशावर तशीच चिकटवू नका. शेजारी सायनसची हवा असते, मध्ये कागदासारखं पातळ हाड. नेहमीच्या ईपीआय (झटपट चित्र घेण्याची पद्धत) डिफ्युजनमध्ये, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयमध्ये, तिथलं चित्र ताणलं जातं, सरकतं. आधी बी-० चित्र (डिफ्युजनचा जोर शून्य ठेवून घेतलेलं) टी२शेजारी ठेवून डोळ्याच्या गोळ्याची गोलाई जुळते का ते बघा. जुळत नसेल तर टर्बो स्पिन एको किंवा तुकड्यातुकड्यांनी वाचणारं डिफ्युजन घ्या. मशीन तेच, चित्र पुष्कळ सुधारतं.

काजळ! बाजारातल्या काजळात आणि मस्कारात अनेकदा आयर्न ऑक्साइड असतं, त्याने डोळ्यापुढचं चित्र बिघडतं. रुग्णाला आत घेण्याआधी ते पुसून घ्या. "डोळे मिटा आणि बुबुळं स्थिर ठेवा" हे तंत्रज्ञाने प्रत्येक वेळी सांगायलाच हवं.

डिफ्युजन चित्रात पांढरं दिसलं म्हणून पाण्याच्या हालचालीला अटकाव आहे असं धरू नका, तो टी२चा उजेडही असतो. एडीसी नकाशा उघडा.

लिम्फोमा की सूज हे ठरवणारी दुसऱ्या केंद्राची एडीसीची सीमारेषा उसनी घेणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. तिथल्या बी-व्हॅल्यू (डिफ्युजनचा जोर) वेगळ्या असू शकतात; त्या लहान असल्या की रक्तप्रवाहाचा वाटा मिसळतो आणि एडीसी वाढतो. मशीनची खात्री करायची असेल तर बर्फाच्या पाण्यात ठेवलेला पाण्याचा नमुना मोजा: ०° सेल्सियसला एडीसी १.१च्या आसपास यायला हवा. फेरतपासणी त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने करा.

आता आमच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी एवढं येतं: "३ टेस्ला, बी ० आणि १०००, कड वगळून पूर्ण गाठ, दोन वाचकांची स्वतंत्र मापनं." आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहितो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करतो.