दाराचे मॉर्टिस हँडल बदलताना
मॉर्टिस कुलुपाचे, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेल्या कुलुपाचे, हँडल तुटले म्हणून संपूर्ण कुलूप बदलण्याची गरज बहुधा नसते. काम दार उघडे ठेवूनच करावे, अन्यथा ते मध्येच बंद होऊन आतला माणूस अडकू शकतो. दाराच्या दोन्ही बाजूंच्या हँडलच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून दोन्ही हँडल जोडणारी मधली चौकोनी दांडी ओढून घ्यावी. दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि जुने हँडल सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जावे, कारण हे अंतर जुळले नाही तर कितीही देखणे हँडल निरुपयोगी ठरते. लाकडातील छिद्रे सैल झाली असल्यास त्यांत फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून, ते पूर्ण वाळल्यावरच नवे स्क्रू हाताने आवळावेत. दार लावण्यापूर्वी किल्ली दोन्ही बाजूंनी फिरवून पाहावी.