मुंबई–लंडन: तिकिटावरच्या वेळेतून खरे तास कसे काढायचे

आईला पहिल्यांदा एकटीला लंडनला पाठवताना तिकीट बघून ती म्हणाली, "सकाळी सातला निघून दुपारी बाराला पोचायचं, म्हणजे पाचच तास ना?" तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची, तिथेच हा घोळ होतो.

हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. म्हणजे हिवाळ्यात आईचे ते पाच तास खरे साडेदहा. परतीला रात्री साडेनऊला निघून दुसऱ्या दिवशी पावणेबाराला मुंबई: सव्वाचौदातून साडेपाच गेले, उरले पावणेनऊ.

अंतर तेच, साधारण 7,200 किलोमीटर. मग येताना लवकर कसं? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. शिवाय एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो, म्हणून नुसत्या किलोमीटरवरून तास काढू नका.

मधे विमान बदलायचं असेल तर थांब्याचे तासही याच हिशेबात येतात.

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना हे खरे तास सांगून वेळा विचारून घ्या. आईच्या पर्समध्ये मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी ठेवली होती, गोळ्यांच्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे. पोचेपर्यंत तिने मनगटावरचं घड्याळ बदललं नाही.