शेजाऱ्याने कंपाउंड आत सरकवलंय? पहार उचलायच्या आधी हे वाचा

धायरीत मामाचा अडीच गुंठ्यांचा प्लॉट आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सगळे गावी गेलेले, परत येऊन बघतात तर शेजाऱ्याची कंपाउंडची भिंत दीड फूट आमच्या बाजूला. दीड फूट ऐकायला काहीच नाही, पण साठ फूट लांबीला नव्वद स्क्वेअर फूट जातात आणि पुण्यात आज त्याचा भाव काय आहे ते तुम्हाला माहितीये. मामा पहार घेऊन निघालाच होता, मामीने अडवलं म्हणून बरं, नाहीतर तोडफोडीची केस उलट आमच्यावरच बसली असती.

तर पहिलं काम भांडण नाही, कागद. पेठेत किंवा सिटी सर्व्हे झालेल्या भागात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, बाकी ठिकाणी सातबारा, आणि दोन्हीकडे खरेदीखत. त्यातली चतुःसीमा नीट वाचा, पूर्वेला कोण पश्चिमेला कोण, लांबी रुंदी लिहिलीये का. कार्डावर चौरस मीटर असतात आणि आपण बोलतो गुंठ्यात, एक गुंठा म्हणजे 1089 स्क्वेअर फूट, हा हिशोब आधी घरी करून बघा. अर्ध्या केसेसमध्ये दोघांच्याही खरेदीखतातलं क्षेत्र खरं असतं, फक्त जागेवर तेवढी जमीनच नसते, कारण मूळ मालकाने रस्ता न सोडता गुंठे विकलेले असतात.

मग मोजणी. हद्दीची खूण बघायची असेल तर अर्ज करायचा तो "हद्द कायम" मोजणीचा, तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेखकडे, सिटी सर्व्हे असेल तर नगर भूमापनकडे. आता ऑनलाईन ई-मोजणीवर पण भरता येतो. तारीख पडली की लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. शेजारी "मी नाही येणार" म्हणाला तर म्हणू दे, नोटीस मिळाल्याचा पुरावा फाईलला असला की झालं. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर रहा, खुणांचे फोटो काढा. नंतर "क" प्रत मिळते, त्या नकाशात रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते, पुढे कोर्टात सगळं त्यावर चालतं. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, पण त्याची फी जास्त लागते आणि वेळ पण.

एक गोष्ट लोकांना उशिरा कळते (आम्हाला पण). मोजणीवाले फक्त दाखवतात, भिंत पाडत नाहीत. पोलीस एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेतात आणि "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा" म्हणतात. महापालिका खासगी हद्दीच्या भांडणात पडत नाही, बांधकाम विनापरवाना असेल तर ती तक्रार वेगळी. म्हणजे शेवटी वकील लागतोच.

आमचा खरा घोळ पुढे झाला. सातबारा सामाईक, अकरा नावं, सगळे गुंठेवाले. अशा ठिकाणी हद्द कायमला अर्ज केला तर पूर्ण गटाची बाहेरची हद्द मिळते, तुमच्या अडीच गुंठ्यांची नाही, कारण रेकॉर्डला तुमचा वेगळा हिस्साच पडलेला नाही. पोटहिस्सा मोजणीला, म्हणजे आपला हिस्सा वेगळा मोजून पाडून घ्यायला, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते आणि अकरातला एक तर हाच शेजारी! मामा महिनाभर सह्या गोळा करत फिरला, दहा सह्या झाल्या, अकरावी अर्थातच नाही. धायरी, आंबेगाव साईडला गुंठ्यात जागा घेतलेल्यांनी हे आधी तपासा, आमच्यासारखा मोजणीच्या फॉर्मवर वेळ घालवू नका.

वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न तारखेचा. भिंत अजून चढत असेल तर त्याच दिवशी जा, दाव्यासोबत निशाणी पाचचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज (निकाल लागेपर्यंत स्टे मागायचा) टाकतात, काम थांबवता येतं. लोक मुद्दाम शनिवारी-रविवारी किंवा सणाला बांधतात, कोर्ट बंद असतं म्हणून. भिंत पूर्ण झाल्यावर ती पाडायचा हुकूम मागावा लागतो आणि ते जास्त अवघड जातं. बेकायदा ताबा घेतला असेल तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा टाकला तर मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही, ताबा आपला होता एवढंच दाखवायचं. ती मुदत गेली तरी मालकीवर दावा चालतो, फक्त बारा वर्षं झोपून राहू नका, मग समोरचा त्या ताब्यावरच हक्क सांगतो. आणि उलट तुम्हीच भिंत बांधणार असाल तर आधी कोर्टात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाका, नव्वद दिवस चालतं, तुम्हाला न ऐकता स्टे मिळत नाही.

सामाईक सातबाऱ्याचा आमचा तिढा शेवटी कोर्ट कमिशनरने सुटला. दिवाणी कोर्ट सरकारी भूकरमापकाला (जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्याला) कमिशनर नेमू शकतं, तो दोघांची खरेदीखतं समोर ठेवून जागा मोजतो आणि रिपोर्ट देतो, मग "तुमचा माणूस आमचा माणूस" हा वादच रहात नाही. वकिलाला हा अर्ज सुरुवातीलाच टाकायला सांगा. फीची अडचण असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्लॉट मामीच्या पण नावावर होता, हे आधी कळलं असतं तर निम्मा खर्च वाचला असता.

रिपोर्ट आला तसा शेजारी नरमला. लोक अदालतीत तडजोड झाली, तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भिंत पाडायचा खर्च त्याचा, नवीन भिंतीचा निम्मा-निम्मा. फक्त तडजोडीत नुसतं "दीड फूट मागे घेणे" लिहून सही करू नका. कुठून दीड फूट? आमच्या वकिलाने कमिशनरचा नकाशा जोडायला लावला, दोन्ही कोपऱ्यांची मापं त्यावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि गवंड्याने दोरी लावली ती त्याच नकाशावरून.